शेताची बाटली कुंडीपाशी कशाला?

रविवारी सकाळी कोल्हापुरातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जरा वेळ उभं राहून बघा. निम्मं गिऱ्हाईक करवीर, पन्हाळा, कागलकडनं आलेलं, ऊसवालं नाहीतर भाजीवालं, आणि निम्मं राजारामपुरी, रुईकर कॉलनी, ताराबाई पार्कातलं, हातात कॅरीबॅगेत गुंडाळलेली जास्वंदीची फांदी नाहीतर मोबाईलवर काढलेला फोटो. "मालक, ह्याला पांढरं आलंय बघा, जरा जालीम द्या काहीतरी, मागचं लागू पडलं नाही." मालकाला मागं थांबलेली रांग दिसत असते, तो फळीवरनं एक बाटली काढतो, "पंपाला टोपणभर टाका" म्हणतो आणि पुढच्याकडं वळतो. ऊसवाल्यालाही तीच बाटली आणि गच्चीवर चार कुंड्या ठेवलेल्या काकूंनाही तीच. माझं भांडण ह्या एवढ्या एका गोष्टीशी आहे. रासायनिक वाईट का जैविक चांगलं हा वाद लोक आवडीनं घालतात, घालू देत बापडे, पण घरच्या बागेतला खरा घोळ होतो तो शेतासाठी बांधलेली बाटली उंबऱ्याच्या आत येते म्हणून, आणि ती आत येऊच नये असं माझं मत आहे.

का ते हिशेबानं सांगतो. इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल हे पातळ कीटकनाशक घ्या, मावा, तुडतुडे, पांढरी माशी काहीही दाखवा, दुकानात बहुतेक वेळा हेच पुढं येतं. त्याचं प्रमाण लिटरला साधारण अर्धा मिली, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला सात-आठ मिली, एक टोपण. दुकानदार बोलला ते पंपाच्या हिशेबानं बरोबरच बोलला. पण काकूंकडं पंप कुठला, त्यांच्याकडं एक लिटरची फुसफुस करणारी बाटली, त्यात त्यांनी टोपणभर टाकलं की झालं पंधरा पट औषध. पानं करपली तर "औषध डुप्लिकेट निघालं" आणि नाही करपली तर "लई भारी आहे, एकदाच मारलं", दोन्हीकडनं निष्कर्ष चुकीचा. आता बाटलीचं बघू. १०० मिलीची बाटली म्हणजे दोनशे लिटर फवारणीचं पाणी. महिन्याला एक लिटर मारलं तरी ती बाटली सोळा वर्षं पुरंल, आणि तिच्यावरची एक्सपायरी असते साधारण दोन वर्षांची. म्हणजे उरलेली चौदा वर्षं ती कुठंतरी जिन्याखाली, गॅस सिलेंडरच्या मागं, मीटरच्या पेटीवर पडून राहणार, लेबल भिजून निघून जाणार, आणि एक दिवस नातू विचारणार "आजोबा हे काय आहे?"

एवढी मोठी बाटली नको म्हणणारं शहाणं गिऱ्हाईक पण असतं, आणि त्यांच्यासाठी काही ठिकाणी दुसरी सोय असते ती त्याहून बेकार. मोठ्या बाटलीतनं थोडं औषध पाण्याच्या नाहीतर कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ओतून द्यायचं. वीस रुपयांत काम. दुकानदाराला वाटतं आपण माणुसकीनं वागलो, गिऱ्हाईकाला वाटतं पैसे वाचले, आणि जे हातात पडलं त्याच्यावर ना नाव, ना तारीख, ना किती विषारी ते सांगणारा रंगाचा त्रिकोण, ना माहितीपत्रक. कायद्यानं हे चालत नाही. कीटकनाशक कायदा १९६८ चा, त्याचे नियम १९७१ चे, आणि त्या नियमांत स्वच्छ लिहिलंय की ठरलेल्या पॅकिंगमध्ये आणि ठरलेल्या लेबलासकट असल्याशिवाय कुठलंही कीटकनाशक विकायला ठेवता येत नाही. हा नियम कुणा बाबूला सुचलेला नाही. १९५८ साली केरळात परॅथियॉन मिसळलेल्या पिठानं शंभरावर माणसं दगावली होती, जहाजात धान्याच्या मालाशेजारी कीटकनाशक ठेवलेलं ते गळलं होतं, त्यानंतर देशात ह्याच्यावर कायदा पाहिजे ही चर्चा लागली. आणि औषधाचा डबा खाण्याच्या वस्तूला वापरला की काय होतं हे २०१३ साली बिहारमधल्या सारण जिल्ह्यात सगळ्या देशानं बघितलंय, शाळेच्या जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक गेलं आणि २३ पोरं गेली. पाण्याच्या बाटलीत ओतून दिलेलं औषध फ्रीजवर ठेवताना हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

ह्यावर गल्लीत हमखास मिळणारं उत्तर म्हणजे, "अहो, आमचा भाऊ गावाकडं रोज मारतोय, त्याला काय झालंय?" गावाकडं आमचाही ऊस आहे, थिमेटचा तो उग्र वास लहानपणापासून ओळखीचा आहे, हुमणीला, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या अळीला, दुसरं काही मानतच नव्हते लोक. पण "काय झालंय" म्हणणाऱ्यानं २०१७ चा यवतमाळ आठवावा. त्या पावसाळ्यात कापसावर फवारताना वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर मेले आणि शेकडो दवाखान्यात गेले, आणि ते नवशिके नव्हते, जन्मभर फवारणी करणारी माणसं होती. अनुभवानं विष अंगाला लागायचं थांबत नाही. आणि थिमेट म्हणजे फोरेट, ते आणि डायक्लोरोव्हॉस दोन्ही २०२० च्या अखेरीपासून देशात बंद आहेत. तरी माहेरनं येताना भावानं दिलेली थिमेटची पुडी गुलाबाच्या मुळाशी टाकणारी घरं अजून शहरात आहेत. लाल त्रिकोणाचं औषध ते, हातानं चिमूट-चिमूट टाकायचं, आणि त्याच कुंडीपाशी मांजर लोळणार.

त्रिकोणाबद्दल थोडं सांगायला पाहिजे कारण बाटली घेणाऱ्यांपैकी फार थोडे तो बघतात. लेबलावर एक चौकोन कोपऱ्यावर उभा केलेला असतो, त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग, तोच हा त्रिकोण. लाल म्हणजे अति विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. हा रंग माणसाच्या पोटात किंवा अंगावर गेलं तर काय होईल त्यावरनं ठरतो. मधमाशीचं काय, माशांचं काय, हे रंग सांगत नाही, त्यासाठी माहितीपत्रक उघडायला लागतं, ते बारीक टायपातलं घडी घातलेलं चिटोरं जे आपण बॉक्सबरोबर फेकून देतो. हिरवा दिसला म्हणजे सरबत नव्हे. इमिडाक्लोप्रिड आणि त्याच्या दोन भावंडांना युरोपनं २०१८ साली उघड्यावर वापरायला बंदी केली ती मधमाश्यांसाठी केली.

आणि त्या चिटोऱ्यात एक रकाना असतो, शेवटची फवारणी आणि काढणी ह्यांच्यात किती दिवस थांबायचं त्याचा. हा रकाना घरच्या बागेला लावून बघा म्हणजे गंमत कळेल. त्याच इमिडाक्लोप्रिडला टोमॅटोसाठी तीन दिवस सांगितलेत आणि मिरचीसाठी चाळीस. शेतात तोडा असतो, तारीख असते, त्यामुळं तिथं निदान पाळायचं म्हटलं तर पाळता तरी येतं. घरची मिरची आपण रोज दोन तोडतो, कढीपत्ता तर फोडणी तडतडायला लागल्यावर तोडायला पळतो. चाळीस दिवस कोण थांबणार? शिवाय कढीपत्ता त्या यादीत शोधून बघा, सापडायचा नाही, मोगरा-जास्वंदही नाही, त्यामुळं किती थांबायचं हे सांगणारच कुणी नाही. हे औषध आंतरप्रवाही, म्हणजे पानाच्या आत जाऊन रसात फिरणारं, नळाखाली धुतलं म्हणून निघत नाही. युरोपात आपल्याकडनं जाणाऱ्या कढीपत्त्याच्या खेपा अवशेषांसाठी मुद्दाम जास्त तपासल्या जातात, आणि इथं आपण "घरचा आहे, बिनऔषधाचा" म्हणून शेजारच्या वहिनींना मूठभर देतो, आणि परवाच त्याच्यावर काळा मावा आला म्हणून टोपणभर मारलेलं असतं. बाजारातल्या भाजीवर विश्वास नाही म्हणून ज्यानं गच्चीवर बाग केली त्यानंच हे करावं?

जागेचा पण विचार करा. शेतात वारा बघून मारतात, आजूबाजूला आपलंच रान असतं. आमच्या पेठांत घराला घर चिकटलेलं. गच्चीवर कुंड्या, कुंड्यांच्या पलीकडं पाण्याची टाकी, तिचं झाकण एका बाजूनं तुटलेलं, टाकीच्या पलीकडं दोरीवर वाळत घातलेले कपडे, त्यात बाळाची दुपटी, आणि एका फुटावर शेजाऱ्याच्या स्वयंपाकघराची खिडकी. फुसफुस बाटलीतनं जे धुकं उडतं ते कुंडीपुरतं राहत नाही. मी एकदा दुपारी बघितलंय, एक गृहस्थ बनियनवर, उघड्या हातानं, तोंडावर साधा रुमाल पण नाही, डोक्याच्या वर असलेल्या वेलावर खालनं मारत होते, सगळं तुषार तोंडावर, आणि नोझल अडकलं की तोंडानं फुंकायचे. हाक मारून सांगितलं तर म्हणाले, "भावा, दोन मिनटाचं काम आहे." दोन मिनिटाचंच आहे, म्हणूनच कुणी ग्लोव्हज घालत नाही. मग जून लागला की आपला कोल्हापूरचा पाऊस, संध्याकाळी मारलेलं रात्रीत गटारात, गटार जयंती नाल्यात, नाला पंचगंगेत. पंचगंगेच्या प्रदूषणाला मोठी कारणं दुसरी आहेत हे मान्य, पण सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड औषधं माशांना अगदी कमी प्रमाणातही मारतात, तेव्हा नदी वाचवा मोर्चात चालायचं आणि फवारणीची बाटली गच्चीच्या मोरीत विसळायची हे काही जमत नाही. गच्चीवर कमळाच्या टबात गप्पी मासे सोडलेले असतील तर परिणाम बघायला नदीपर्यंत जायला पण नको.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींबद्दल, कारण त्यांनाही मोकळं सोडून चालणार नाही. "आम्ही रासायनिक वापरतच नाही, घरगुती करतो" म्हटलं की त्यांना वाटतं आता काळजीच मिटली. निपाणी जवळ, तंबाखू सहज मिळते, मग तंबाखू रात्रभर भिजवून नाहीतर उकळून ते पाणी झाडावर मारायचं. निकोटिन हे कडक विष आहे आणि ते कातडीतनं अंगात जातं. ते पाणी उकळताना स्वयंपाकघरात धूर करायचा, त्याच पातेल्यात उद्या दूध तापवायचं, ह्याला मी तरी नैसर्गिक बाग म्हणणार नाही. वर टोमॅटो, मिरची, वांगी ह्या तंबाखूच्याच खानदानातल्या झाडांना तंबाखूवरचा मोझॅक विषाणू लागायची भीती वेगळीच. दशपर्णी अर्कात कडुनिंब, करंज, निर्गुडीबरोबर धोतरा आणि कण्हेर पण घालतात. कण्हेर माणसाच्या हृदयावर काय करते हे कुठल्याही दवाखान्यातल्या डॉक्टरला विचारा. शेतात ड्रमात करून ठेवलं तर ठीक, फ्लॅटच्या बाल्कनीत पोरांच्या सायकलीशेजारी ठेवायची ही वस्तू नव्हे. आणि झुरळांचा स्प्रे झाडावर मारणारे, कुंडीभोवती मुंग्यांच्या खडूची रेघ ओढणारे, ते तर स्वतःला कीटकनाशक वापरणारे समजतच नाहीत. खडूत तेच पायरेथ्रॉइड असतं, पांढरं आहे आणि हातात धरता येतं म्हणून पोरं त्यानं फरशीवर चित्रं काढतात.

मग करायचं काय, कीड तर येतेच. आधी ती बघायची. मला सगळ्यात चीड येते ती ह्याची, की पान वळलं, डाग पडला, काहीही झालं की "औषध मारा". जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखं पांढरं बसतं तो पिठ्या ढेकूण. भिंग घ्या, नाहीतर मोबाईलचा कॅमेरा झूम करा, आणि पाच मिनिटं नुसतं बघा. ढेकूण एका जागी चिकटलेले दिसतील, मुंग्यांची रांग खालीवर करत असेल, कारण ढेकणांच्या अंगातनं गोड चिकटा गळतो आणि तो खायला मुंग्या त्यांची राखण करतात. आणि त्याच पांढऱ्यात एखादा जरा मोठा, पांढऱ्या झुलपांचा, पण चालणारा जीव दिसला तर थांबा. तो ढेकूण नाही, क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी असू शकते, ती ढेकणाचीच अंडी-पिल्लं खाते आणि दिसते हुबेहूब ढेकणासारखी. १८९८ साली हा किडा कॉफीवरच्या खवले किडीसाठी ऑस्ट्रेलियातनं भारतात आणला होता. आपण एक फवारा मारतो, ती अळी पहिली मरते, मेणाखाली लपलेले ढेकूण निम्मे जगतात, आणि तीन आठवड्यांनी दुप्पट होऊन येतात, मग आपण दुकानात जाऊन सांगतो "जालीम द्या, मागचं लागू पडलं नाही."

हे नुसतं पुस्तकी नाही. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरकडं पहिल्यांदा दिसला आणि बघता बघता महाराष्ट्रापर्यंत आला, पपई, तुती, जास्वंद, काही सोडलं नाही त्यानं, आणि लोकांनी औषधांचे पंपच्या पंप ओतले, काही उपयोग झाला नाही. २०१० मध्ये प्यूर्टो रिकोतनं तीन जातींच्या इवल्याशा परोपजीवी माश्या मागवून सोडल्या, त्या ढेकणाच्या अंगात अंडी घालतात, आणि ती कीड आटोक्यात आली. जिथं लोकांनी फवारणी थांबवली तिथंच त्या माश्या टिकणार हे उघड आहे. आपल्या गच्चीला कुणी प्यूर्टो रिकोतनं काही पाठवणार नाही, पण असलेले ढालकिडे न मारणं एवढं तरी हातात आहे.

लिंबाच्या झाडाचं तर विचारूच नका. पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखी अळी दिसते, ती मोठी झाली की हिरवीगार होते, दोन दिवसात कोवळा फुटवा साफ करते, आणि माणूस खवळून औषध आणतो. ही फुलपाखराची अळी. लिंबावर साधं लिंबाचं फुलपाखरू असतं तसंच राणी पाकोळी पण लिंबूवर्गीय झाडावर अंडी घालते, ब्लू मॉरमॉन, जिला महाराष्ट्रानं २०१५ साली राज्य फुलपाखरू केलं. हातानं उचलून झाडाच्या खालच्या जुन्या पानावर ठेवा, नाहीतर झाड मोठं असेल तर खाऊ द्या. लिंबाचं झाड त्यानं मरत नाही. कुंडीत हातभर उंचीचं रोप असेल तर अळ्या काढून टाका, त्यात काही पाप नाही, पण त्यासाठी बाटली कशाला?

माव्याला जोरात पाणी मारलं की निम्मा धुऊन जातो, पडलेला मावा सहसा परत वर चढत नाही. ढगाळ हवेत तो वाढतोच, हवा सुधारली की कमी येतो, तेवढं थांबायची तयारी पाहिजे. ढेकणाला आधी मुंग्यांची वाट तोडायची, जास्त भरलेला शेंडा कात्रीनं कापून पिशवीत बांधायचा, उरलेल्याला कानकोरण्याच्या कापसानं साबणाचं पाणी. उन्हाळ्यात लाल कोळी आला की पानाच्या खालच्या बाजूला रोज पाण्याचा फवारा, त्याला कोरडी हवा लागते. ह्याच्यावरनं गेलं तर निंबोळी तेल लिटरला पाच मिली, त्यात थोडा साबण घोळून, ऊन उतरल्यावर. गुलाबावर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, आली तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, मात्र कडक उन्हात नाही, आणि निंबोळी तेलाच्या पाठोपाठ लगेच नाही, नाहीतर पानं भाजतात. घरच्या बागेतली बहुतेक दुखणी एवढ्यात भागतात. जे भागत नाही ते झाड काढून दुसरं लावावं. शंभर रुपयांचं रोप वाचवायला घरात विषाची बाटली आणणं मला तरी परवडत नाही. पुष्पप्रदर्शनासाठी गुलाब लावणारे माझ्यावर चिडतील ह्या वाक्यावर, पण त्यांची गोष्ट वेगळी, ते मोजून-मापून, लिहून ठेवून करतात.

आणि वेळ आलीच, म्हणजे घराच्या चौकटीला वाळवी लागलीय असं काही, तर लायसनवाला पेस्ट कंट्रोलवाला बोलवावा, त्यानं काय आणलंय ते विचारावं, लेबल बघावं. कंपाउंडातल्या गवतावर ग्लायफोसेट हे तणनाशक मारणाऱ्यांनी तर हे ऐकावंच, २०२२ मध्ये केंद्रानं अधिसूचना काढून ते पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच वापरायचं असं सांगितलंय. गवत उपटा की, कंपाउंड आहे का माळरान? बाटली घेतलेलीच असेल तर टोपणानं मोजायचं बंद करा, सुई काढलेली एक मिलीची सिरिंज ह्याच कामाला ठेवा, मार्करनं तिच्यावर लिहून. फुल बाहीचा शर्ट, रबरी हातमोजे, मास्क, चष्मा, टाकीचं झाकण बंद, शेजाऱ्याला आधी सांगून कपडे काढायला लावायचे, फुलं उमललेल्या झाडावर मारायचं नाही, मधमाश्या घरी गेल्यावर मारायचं, आणि झाल्यावर कपडे वेगळे धुवायचे. एवढं सगळं वाचून कंटाळा आला असेल, मला लिहिताना पण आला. हा कंटाळाच सांगतो की हे घरात करायचं काम नाही.

चुकून पोरानं तोंडाला लावलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करायला लावू नका, अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबणानं धुवा, १०८ ला फोन करा किंवा कोल्हापूरच्या सीपीआर ह्या सरकारी दवाखान्यात नाहीतर जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या, आणि बाटली बरोबर न्या. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या विषाला अॅट्रोपिन हे उतारा म्हणून चालतं, पायरेथ्रॉइडचं वेगळं असतं, डॉक्टरला नाव कळलं तर वेळ वाचतो. कोल्ड्रिंकच्या बाटलीत आणलेलं असेल तर डॉक्टरला काय दाखवणार?

आता हे सगळं नुसतं नागरिकांच्या गळ्यात घालून चालणार नाही. फ्रान्सनं १ जानेवारी २०१९ पासून हौशी बागवाल्याला रासायनिक कीटकनाशक विकायचंच बंद केलं. आपल्याकडं तसं लगेच होईल असं मला वाटत नाही, आणि झालं तरी काळ्या बाजारात सुट्टं मिळेल. पण तीन गोष्टी उद्यापासून होऊ शकतात. दुकानदारानं विचारावं, "किती एकर?" आणि उत्तर "चार कुंड्या" आलं तर निंबोळी तेल द्यावं, लाल-पिवळ्या त्रिकोणाची बाटली देऊ नये. त्याचा धंदा बुडत नाही त्यानं, निंबोळी तेल पण तोच विकतो. कृषी खात्याच्या निरीक्षकानं खेड्यातल्या दुकानांबरोबर शहरातल्या सुट्ट्या ओतकामावर पण धाड घालावी. २०२२ पासून ऑनलाइन विक्रीला रीतसर परवानगी आहे, तिथं तर काउंटरवर विचारणारा पण कुणी नाही, त्यामुळं तिथं घरगुती गिऱ्हाईकाला काय पाठवायचं ह्याचा वेगळा नियम लागेल. कंपन्यांनी लिटरभर पाण्याची एकच पुडी, मोजायची गरज नाही अशी, हिरव्या त्रिकोणात काढावी, शाम्पूचं पाऊच निघू शकतं तर हे का नाही?

राहिली महापालिका. २०१६ च्या घनकचरा नियमांत घरगुती धोकादायक कचरा असा वेगळा प्रकारच होता, त्यात कीटकनाशकांचे डबे, ट्यूबलाईट, मुदत संपलेली औषधं, सुया हे सगळं यायचं, आणि दर वीस चौरस किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक संकलन केंद्र काढून त्याची वेळ जाहीर करायची जबाबदारी पालिकेवर टाकलेली होती. कोल्हापूर शहर ६६.८२ चौरस किलोमीटर, म्हणजे चार केंद्रं झाली. तुमच्या भागाचं केंद्र कुठलं आणि ते किती वाजता उघडतं हे नगरसेवकाला विचारा, दारात येणाऱ्या टिपरवाल्याला पण विचारा. गणपतीत निर्माल्य वेगळं द्यायची सवय ह्याच शहरानं लावून घेतलीय, तेव्हा लोक ऐकत नाहीत हे कारण चालणार नाही. महिन्यातला एक रविवार ठरवला, प्रत्येक वॉर्डात एक गाडी उभी केली, तर जिन्याखालच्या किती बाटल्या बाहेर येतील ते बघण्यासारखं असेल.

तोपर्यंत घरात असलेली बाटली मोरीत ओतू नका, जाळू नका, भंगारवाल्याला तर अजिबात देऊ नका. मूळ बाटलीतच ठेवा, टोपण घट्ट, लेबल सुटत असेल तर त्यावरनं पारदर्शक टेप, दुसऱ्या झाकणाच्या डब्यात घालून, पोरांच्या हाताच्या वर, कुलपात. रिकामी झाली असेल तर थोडं-थोडं पाणी घालून तीनदा विसळा, ते पाणी फवारणीच्याच पाण्यात घाला, आणि बाटलीला भोक पाडा, म्हणजे कामवाल्या मावशी ती चांगली दिसते म्हणून रॉकेलला नाहीतर तेलाला नेणार नाहीत.